गाडीचा कणा

श्रोते हो, पनवेल म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पुण्याचा द्रुतगती मार्ग, कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याचे कारखाने, आणि आता नवा विमानतळ. पण इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात पनवेलची ख्याती सांगितली आहे ती निराळ्याच गोष्टीसाठी. बैलगाडीची चाके बनविणे हा येथील मुख्य धंदा. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परत जाताना चाकांची एखाददुसरी जोडी वर विकण्यासाठी घेऊन जाई, अशी त्यात नोंद आहे. तो धंदा आता गेला. सुतार-लोहारांची ती आळी गेली. पण चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहाराला जे ज्ञान लागत असे, ते मात्र पनवेलमधून अजून गेलेले नाही. ते आता कुठे आढळते, हेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझ्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची एक ट्रायम्फ स्पिटफायर आहे. दोन माणसांची, बिनटपाची, बुटकी अशी ही इंग्रजी गाडी. 1962 साली ती विलायतेत बाजारात आली आणि 1980 पर्यंत निघत राहिली. स्नेह्यांची गाडी कित्येक वर्षे एका शेडमध्ये झाकून उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असे त्यांनी ठरविले आणि येथल्याच एका फॅब्रिकेशनच्या मिस्त्रींकडे दिली. मिस्त्रींचे रोजचे काम म्हणजे ग्रिली, शेडच्या कैच्या, ट्रकच्या बॉड्या. मी शिकवतो तत्त्वज्ञान. माझा या प्रकरणात शिरकाव झाला तो एवढ्यासाठीच की, गाडीची कारखान्याने छापलेली जाडजूड इंग्रजी पुस्तिका वाचून त्यातली मापे मिस्त्रींना सांगायला कोणीतरी हवे होते. त्या निमित्ताने जे पाहिले व समजून घेतले, ते सांगतो.

प्रथम चॅसिस म्हणजे काय, ते पाहू. मोटारीच्या बांधणीचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात खाली लोखंडी सांगाडा असतो. इंजिन, चाके, स्प्रिंगा सारे त्याला जोडलेले, आणि वरचा पत्र्याचा साज बोल्टांनी बसवलेला. म्हणजे आपल्या बैलगाडीसारखेच : खाली साटा आणि चाके, वर काय तो तट्ट्या. दुसऱ्या प्रकारात वेगळा सांगाडा नसतोच; पत्र्याचे घर हेच सांगाडा. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या दुसऱ्या जातीच्या. स्पिटफायर पहिल्या जातीची.

तिच्या सांगाड्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे, बरं का. स्पिटफायर ही 'हेरल्ड' नावाच्या गाडीच्या सांगाड्यावरून बेतलेली. हेरल्ड निघाली 1959 साली. त्या वेळी बहुतेक कारखाने वेगळा सांगाडा सोडून देत होते. मग ट्रायम्फने तो का ठेवला? कारण त्यांना पत्र्याची घरे पुरविणारी कंपनी 1953 मध्ये प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली होती. पूर्ण घर एकसंध करून देणारा कोणी उरला नाही, तेव्हा सुटे भाग करून ते सांगाड्यावर बोल्टांनी बसविणे हाच मार्ग राहिला. त्याचा एक फायदा असा झाला की, अशी गाडी दूरदेशीच्या लहान कारखान्यातही जुळविता येऊ लागली. 1961 पासून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने ती निघू लागली. आपल्यापैकी वडीलधाऱ्या श्रोत्यांपैकी काहींनी ती चालवलीही असेल. त्या हेरल्डच्या दोन चाकांमधले पुढचे-मागचे अंतर साडेएक्क्याण्णव इंच. स्पिटफायरचे 83 इंच. साडेआठ इंच कमी केले, बाजूच्या दांड्या काढून टाकल्या आणि मधला कणा तेवढा ठेवला. इंजिनाला आणि मागच्या डिफरन्शियलला जागा देण्यासाठी दोन्ही टोकांना फाकलेला आणि मध्ये बसण्याच्या जागेखाली जवळ आलेला, असा हा दोन पेट्यांचा कणा आहे.

या कण्यापासून पुढच्या बाजूला दोन आडवे हात निघतात. गाडीच्या घराचा भार त्यांच्यावर बोल्टांनी टेकलेला असतो. इंग्रजीत त्यांना 'आउटरिगर' म्हणतात. आपल्या होडीला तोल राखण्यासाठी बाजूला उलांडी असते ना, तोच शब्द त्यांनी उचललेला आहे. आमच्या स्पिटफायरचा एक हात जवळजवळ नाहीसा झाला होता आणि दुसरा वरून धडधाकट दिसत होता. दिसत होता एवढेच.

गंज ही गोष्ट कशी काम करते, ते पाहण्यासारखे आहे. हा हात म्हणजे वाकवलेल्या पत्र्याची बंद पेटी. आपल्या कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, खाडीची खारी हवा, चिखल. पेटीच्या सांध्यातून पाणी आत शिरते. बाहेर यायला वाट नसते. गंज आतून सुरू होतो. लोखंडापेक्षा गंजाला जागा कितीतरी जास्त लागते, म्हणून तो पत्र्याचे पापुद्रे सुटे करतो, सांधे फाकवतो. बाहेरून रंग मात्र शाबूत! मिस्त्रींनी लहान हातोडी घेतली आणि दोन्ही हात ठोकून पाहिले. चांगले लोखंड खणखणते. सडलेले बद्द वाजते. मग दाभण टोचले. ज्या हाताला आम्ही धडधाकट समजत होतो त्यातून दाभण आरपार गेले, आणि आतून भांडेभर लाल भुगा गळाला. शिवाय कधीकाळी कोणीतरी भोकावर पुट्टी भरून वर काळा रंग फासला होता, हेही उघड झाले.

यात नुसत्या रूपाचा प्रश्न असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. याच सांगाड्याला सुकाणूची यंत्रणा आणि पुढची चाके बांधलेली असतात. ताशी पन्नास-साठ मैलांच्या वेगात गाडीने खड्डा घेतला आणि घराचा आधार सुटला, तर आतल्या दोन माणसांचे काय होणार? पुट्टी भरणाऱ्याने हा विचार केला नव्हता. रंगाखाली लपवलेला गंज हा खोट्या नाण्यासारखा असतो; तो ज्याच्या हातात शेवटी येतो, तोच बुडतो.

कोणी म्हणेल, हो, पण नवा भाग विकत का आणू नये? विलायतेत आणता येतो. तिकडे या छंदाचा आता उद्योग झालेला आहे. एम.जी.बी. या स्पोर्ट्स गाडीचे उत्पादन 1980 साली थांबले. पण तिचे जुने साचे शोधून काढून 1988 मध्ये तिची संपूर्ण नवी पत्र्याची घरे काढण्यास तेथे सुरुवात झाली. आपल्याकडे ही गोष्ट अशी सोपी नाही. जहाजाचे भाडे आणि जकात धरली की लहानसा भागही मालाच्या किमतीपेक्षा आणावळीने महाग होतो. आणि ही अडचण आजची नव्हे. 1953 साली सरकारने ठरविले की, जे कारखाने गाडीचे भाग या देशात बनवतील त्यांनीच येथे गाड्या काढाव्यात. त्यानंतर शिवडीचा जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना 1954 मध्ये बंद झाला. परदेशी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. मालकांची पंचाईत झाली खरी, पण त्याच टंचाईने आपल्याकडच्या मिस्त्रीला एक विद्या शिकवली. मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधायचे. मिळाले तर ठीक, नाहीतर पाहून तसेच हाताने बनवायचे.

पण 'पाहून तसेच' म्हणजे कशासारखे? आमच्यापुढे हाच पेच होता. पत्र्याला तोटा नव्हता. कळंबोलीचा बाजार हाकेच्या अंतरावर. मिस्त्री मला म्हणाले, "सर, पत्रा म्हणाल तेवढा आणतो. माप कुठून आणू?" एक हात नाहीसा झालेला, दुसरा सडून वाकलेला. उजव्यावरून डावा बनवावा म्हटले तर उजवाच भरवशाचा नाही.

येथे पुस्तिका कामाला आली. तिच्यात सांगाड्याची एक आकृती होती आणि कुठल्या भोकापासून कुठल्या भोकापर्यंत किती इंच, हे लिहिलेले होते. मी इंच वाचायचे, मिस्त्रींनी ते सुतांत मनातल्या मनात घोळवायचे. एका इंचाचे आठ सूत. आपले कारागीर अजून त्याच भाषेत विचार करतात. सांगाडा चार घोड्यांवर पाणसळीत ठेवला. त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या भोकातून ओळंबा सोडला, आणि त्याचे टोक जमिनीवर जिथे टेकले तिथे खडूची खूण केली. सांगाडा बाजूला घेतल्यावर फरशीवर त्याची खरीखुरी कुंडली उरली. मग मधली रेषा मारून कर्ण मोजायचे. डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंत, आणि उलट. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट सरळ. फरक आला तर ती तिरकी झालेली. घराचा पाया आखताना गवंडी जो गुण्या धरतो, तोच हा हिशेब. आमच्या कर्णांत तीन सुतांचा फरक निघाला. म्हणजे गाडीला पूर्वी कधीतरी पुढून धक्का बसलेला होता. आधी तो बाक काढला, नंतरच नव्या भागाला हात घातला.

कापण्यापूर्वी आणखी एक खबरदारी घ्यावी लागली. स्पिटफायरला वर टप नाही आणि सांगाड्याला बाजूच्या दांड्या नाहीत, त्यामुळे दारांखालच्या पोकळ पट्ट्या घराचा बराच ताण पेलतात. त्याही सडल्या होत्या. आधार न देता त्या कापल्या तर गाडी मधोमध मुडपते आणि मग दारे जन्मात लागत नाहीत. म्हणून आधी दोन्ही दारांच्या चौकटींत तात्पुरत्या लोखंडी आडण्या जोडल्या, आणि मगच ग्राइंडर चालवला.

नव्या हाताचा आकार प्रथम पुठ्ठ्यात कापला. पुठ्ठा चुकला तर फेकून देता येतो. तो चारपाच वेळा लावून पाहिल्यावर पत्र्यावर उतरवला. पत्रा किती जाडीचा घ्यावा, यावर मात्र वाद झाला. गाडीचे मालक म्हणाले, "चांगला पाच मिलिमीटरचा घाला, पुन्हा कटकट नको." ऐकायला हे अगदी शहाणपणाचे वाटते. मिस्त्रींनी मान हलवली. सांगाड्याच्या कोरड्या, न गंजलेल्या भागाला कॅलिपर लावून मूळ जाडी घेतली आणि त्याच गेजाचा पत्रा आणवला. सोळा गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, चौदा गेज म्हणजे 2. पाच मिलिमीटरशी तुलना करा!

पातळ पत्रा का? याचे उत्तर तुम्ही घरी पडताळून पाहू शकता. बुटांचे रिकामे खोके घ्या, झाकण काढा आणि दोन्ही टोके धरून पिळा. सहज पिळले जाईल. आता झाकण लावून चारी बाजूंनी चिकटवा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, पण आता ते दाद देत नाही. सांगाड्याचे बळ पत्र्याच्या जाडीत थोडे आणि पेटी बंद असण्यात फार असते. शिवाय पातळ सांगाड्याला एकाच जागी जाड तुकडा जोडला, तर सारा सांगाडा रस्त्याबरोबर किंचित लवतो आणि तो तुकडा लवत नाही. मग ताण साचतो तो तुकड्याच्या कडेला, आणि काही हजार मैलांनंतर तडा जातो तो नेमका तिथे. फाटक्या धोतराला ताडपत्रीचे ठिगळ लावावे, तसा हा प्रकार.

आता जोडकामाकडे वळतो. सुरुवातीला मी चाकाची धाव म्हटले, ते याचसाठी. लाकडी चाकापेक्षा लोखंडी धाव किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात ती तापवून फुलवायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचे. निवताना ती आकसते आणि आरे, तुंबा, सारे लाकूड आवळून धरते. एक मीटर लोखंड शंभर अंशांनी तापवले तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढते, आणि निवले की पुन्हा आखडते. चाकाच्या लोहाराने या गुणाला कामाला लावले. सांगाड्याच्या मिस्त्रीला मात्र तोच गुण वैरी होतो. वेल्डिंगच्या ज्योतीखाली लोखंड वितळते, म्हणजे उष्णतामान पंधराशे अंशांच्या घरात जाते. एका बाजूने सलग सांधा ओढत नेला, तर निवताना तो सांधा सगळा हात आपल्याकडे खेचतो, आणि तासभर मोजून आणलेले माप पाच मिनिटांत जाते.

म्हणून आमच्या मिस्त्रींनी सलग वेल्डिंग केलेच नाही. आधी चार कोपऱ्यांना चार टाके, मग मोजणी. नंतर इंचभर इथे, इंचभर त्याच्या समोर, पुन्हा इकडे. मध्ये हात लावून पाहायचे; चटका बसला तर चहा मागवायचा. ज्या बोल्टावर घर टेकते, तो बोल्ट काम चालू असताना नेहमी भोकात घातलेलाच. एक हात जोडायला अख्खा दिवस गेला. मालक घड्याळ पाहत होते. त्यांना मिस्त्री एवढेच म्हणाले, "साहेब, लोखंडाला घाई कळत नाही."

पेटी बंद करण्यापूर्वी आतून जस्ताचा रंग दिला आणि सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला दोन भोके ठेवली. सगळे जोडून झाल्यावर त्याच भोकांतून आत पातळ मेण फवारले. मूळ कारखान्याने एवढी काळजी घेतली नव्हती. विलायती अभियंत्यापुढे आपला श्रावण नव्हता.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो माझ्या विषयातला आहे. इतके बदलल्यावर गाडी तीच राहिली का? हा प्रश्न फार जुना आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजाला विचारतो, की ज्या रथातून आपण आलात तो रथ म्हणजे नेमके काय? चाके म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की, हे सारे एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव मिळते. मला तर वाटते, एकत्र येण्यातही एक प्रमाण असते. तेच भाग अंगणात ढीग करून टाकले तर त्याला कोणी रथ म्हणणार नाही. गाडीपुरते बोलायचे तर या प्रमाणालाच मिस्त्री 'माप' म्हणतात.

हा प्रश्न आता नुसता तत्त्वज्ञानाचा राहिलेला नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. वाहन 50 वर्षांहून जुने हवे, मूळ स्वरूपात राखलेले हवे आणि त्यात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानेही नोंदणीशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. तेव्हा चौकोनी पाइप आणून नवाच सांगाडा उभा करण्याचा जो सोपा मार्ग पुष्कळ जण सुचवतात, तो कामाचा नाही. नवी गाडी बनवायला ना नाही. आमच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ कार्लेखिंडीत, 'चिंकारा' नावाची दोनआसनी रोडस्टर नव्या सांगाड्यावर बनविली गेली, आणि ते कौतुकाचेच काम होते. पण ते नवनिर्माण झाले, जीर्णोद्धार निराळा. जीर्णोद्धारात सडले तेवढेच काढायचे, चांगले तेवढे राखायचे, आणि नोंदणीपुस्तकातला क्रमांक ज्या तुकड्यावर असेल त्याला धक्का लावायचा नाही.

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिसची सनद झाली. तिच्यात एक सुंदर कलम आहे : नवा बसवलेला भाग साऱ्याशी जुळता असावा, पण तो नवा आहे हे ओळखूही यावे. पुढे जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही त्याच धर्तीवर ट्यूरिनची सनद केली. आमच्या मिस्त्रींनी या दोन्ही सनदांची नावेही ऐकलेली नाहीत. पण नव्या हाताच्या आतल्या बाजूला, जिथे सहसा कोणाची नजर जाणार नाही तिथे, त्यांनी पंचाने सालाचे आकडे ठोकले. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "उद्या दुसरा मिस्त्री उघडेल. त्याला कळायला नको, कुठलं कंपनीचं आणि कुठलं आपलं?"

श्रोते हो, तुमच्याकडे वडिलांची, आजोबांची जुनी गाडी असेल, तर माझी एवढीच विनंती की, रंगाऱ्याकडे नेण्याआधी ती फॅब्रिकेटरकडे न्या आणि तिला खालून पाहा. हातोडीचा आवाज ऐका. काम देताना मिस्त्रीला 'किती दिवसांत?' असे विचारण्याआधी 'माप कसे घेणार?' असे विचारा. ज्याला याचे उत्तर देता येते, त्याला त्याच्या पत्र्याचे नव्हे तर दिवसाचे मोल द्या. पत्रा किलोने मिळतो. मापाची विद्या मात्र तशी मिळत नाही. एकाने दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून, टाका घालून, मोजून आणि पुन्हा मोजूनच ती शिकावी लागते. मिस्त्रींच्या शेडमध्ये आय.टी.आय. झालेली दोन मुले आहेत. दुसरा हात त्यांनी जोडला. कर्ण मोजले, तेव्हा फरक अर्ध्या सुताच्या आत होता.